वच्छलाबाईचे डबे

असोद्यात जीवराम नानांच्या केळीच्या मळ्यात दगडी पायऱ्यांची मोठी विहीर होती. त्या विहिरीत उतरून पोहणारं माणूस घरात एकच, नानांची बायको वच्छलाबाई. तिचं माहेर सावद्याकडचं, तापीकाठचं. लहानपणी म्हशीच्या शेपटीला धरून नदी ओलांडलेली बाई. नाना मात्र पन्नाशीला आले तरी गुडघ्यापुढे पाण्यात गेले नव्हते. कुणी चिडवलं तर म्हणत, "विहीर माझी आहे, मले तिच्यात कशाले पडाचं?"

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात शाळेच्या मास्तरांच्या पत्नी, सुनंदाबाई, गोधड्या धुवायला विहिरीवर आल्या. धुळ्याच्या शहरात वाढलेल्या, अंगानं चांगल्या भरलेल्या, बोलायला गोड. शेवाळावरून पाय सटकला आणि त्या गोधडीसकट पाण्यात गेल्या. वच्छलाबाईनं कासोटा खोचला न खोचला, उडी टाकली आणि वेणी धरून त्यांना पायरीला आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुनंदाबाई दारात हजर. वच्छलाबाईला वाटलं, आभार मानायला आल्या असतील. त्या म्हणाल्या, "अक्का, मला पोहायला शिकवा. रात्रभर तेच डोक्यात आहे."

"मास्तरीणबाई, कालची धडकी तरी जाऊ द्या!"

"जायच्या आतच शिकवा. गेली की मी येणार नाही."

वच्छलाबाईला हसू फुटलं. तिनं माळ्यावरून तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा काढला, तांबटाकडून झाकणाला डाग देऊन तो हवाबंद करून घेतला. हिशेब साधा होता: बाई मोठी, तर डबाही मोठा. जुन्या लुगड्याच्या पट्ट्यानं तो सुनंदाबाईंच्या पाठीला बांधला आणि त्यांना पाण्यात सोडलं.

डबा उसळला तो थेट आभाळाकडे. त्याच्यामागे पाठ वर, कंबर वर, आणि तोंड सरळ पाण्यात. सुनंदाबाई हातपाय मारत होत्या, पण डबा त्यांना सुलटं होऊ देईना. वच्छलाबाईनं झडप घालून त्यांना उताणं केलं. पाणी थुंकत त्या म्हणाल्या, "अक्का, काल तरी मी सरळ बुडत होते!"

विहिरीवर पाण्याला आलेल्या सगळ्या बाया हसल्या. वच्छलाबाई मात्र खजील झाली. जो डबा वाचवायला बांधला, त्यानंच बाईचं तोंड पाण्यात धरलं होतं.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर ती गुरांच्या हौदापाशी गेली. घरातले सगळे रिकामे डबे तिनं गोळा केले होते: तेलाचा मोठा, तुपाचा पाच किलोचा, दोन किलोचा. एकेक डबा पाण्यात दाबून पाहिला. दोन किलोचा एका तळहाताखाली निमूट बसला. पाच किलोच्याला जोर लावावा लागला. मोठ्यावर तर ती दोन्ही हातांनी ओणवी झाली, तरी तो निसटला आणि तिला नखशिखांत भिजवून गेला. मग तिनं एकेका डब्याच्या मापाचं पाणी घागरीत भरून उचलून पाहिलं आणि मनाशी म्हणाली, "असं होय! भरलेला जितका खाली ओढतो, रिकामा तितकाच वर ढकलतो."

म्हणजे डबा किती मोठा, हा प्रश्नच नव्हता. माणूस पाण्यात किती जड लागतं, हा होता. आणि ते तर काठावरून दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं सुनंदाबाईंना गळ्याइतक्या पाण्यात पायरीवर उभं केलं. त्या मास्तरांचा जुना पायजमा घालून आल्या होत्या, कारण साडी पाण्यात आधी फुगते आणि मग पायात अडकते, हे पहिल्या दिवशी कळलं होतं. वच्छलाबाईनं हनुवटीखाली हात धरला. "आता श्वास भरा, पाय सोडा. सगळा भार माझ्या हातावर."

भार आलाच नाही. दोन बोटांवर सुनंदाबाई लोण्याच्या गोळ्यासारख्या तरंगत होत्या.

"तुम्हाले दोन किलोचा पुरे," वच्छलाबाई म्हणाली.

काठावर तिची जाऊ कुंदाबाई बसली होती. काडीसारखी बारीक. ती म्हणाली, "मंग मले वाटीच बांधशीन काय व?" पण तिनं पाण्यात उतरून पाय सोडताच वच्छलाबाईचा हात खाली गेला. सगळी हाडंच, तरंगायला काही नाही. कुंदाबाईला पाच किलोचा लागला. ती आठवडाभर रुसली. "मास्तरीणबाईले लहान आन् मले मोठा? गावात काय सांगू मी?"

गावात ते आपोआपच पसरलं. उन्हाळाभर दुपारी विहिरीवर पंधरा-वीस बाया जमू लागल्या. वच्छलाबाई एकेकीला हातावर घेई, आणि हाताला लागलेल्या भाराइतका डबा देई. पट्टा पाठीवर वर बांधायचा, कंबरेला नाही, हेही तिनं ठरवलं, कारण कंबरेचा डबा डोकं खाली घालतो. आठ-दहा दिवसांनी मोठा डबा काढून लहान द्यायची, मग तोही काढायची.

एकदा नाना तिथे आले. बायांचा गलका ऐकून त्यांना चेव चढला. "दे मले तो दोन किलोचा. मास्तरीणबाईले पुरते, मले नाही पुरणार?"

"नाना, हातावर पाहू द्या आधी."

"बायकोच्या हातावर तरंगू काय मी?" म्हणत नानांनी डबा बांधला आणि पायरी सोडली. केळीचे घड वाहून कसलेलं ते अंग दगडासारखं गेलं. डबा बिचारा धडपडत होता. पाण्यावर नानांचं फक्त कपाळ आणि डोळे उरले, आणि ते डोळे बायकोलाच शोधत होते. तिनं हनुवटीखाली हात घातला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आता पाहू का?"

नानांनी मान हलवली. बायांची हसून हसून पुरेवाट झाली, आणि पायरीवर बसल्यावर नानाही पोट धरून हसले. दुसऱ्या दिवसापासून ते सगळ्यांच्या आधी, दिवस उगवायला येऊ लागले. पाच किलोचा डबा बांधून.

अठ्ठ्याऐंशीच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, लेकी माहेरी आल्या होत्या. लिंबाला झोके टांगलेले, आणि अर्धं गाव विहिरीच्या काठावर. सुनंदाबाई वरच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडायच्या दगडी कुंडावर, उभ्या राहिल्या. पाठीला काहीच नव्हतं. मास्तरांनी डोळ्यांवर हात धरला होता, पण बोटं फाकवून.

"अक्का, मारू?"

"मले कशाले विचारता? पाणी तुमचंच आहे."

धप्पकन आवाज झाला, समोरच्या भिंतीपर्यंत लाट गेली. पाण्याखालून सुनंदाबाई वर आल्या, केस बाजूला केले, आणि सावकाश हात मारत पलीकडच्या काठाला लागल्या. तिथे थांबल्या नाहीत. भिंतीला पाय लावून वळल्या आणि परत निघाल्या. वच्छलाबाईला राहवलं नाही. तिनंही कासोटा खोचला, उडी मारली, आणि दोघी मधोमध भेटून शाळकरी पोरींसारख्या एकमेकींवर पाणी उडवत राहिल्या.