आबांचं भाषण आणि लॅपटॉपमधली जागा

माझ्या हातून वडिलांचं सेवानिवृत्तीचं भाषण कायमचं पुसलं गेलं, आणि त्याचा कुणालाही काडीचा फायदा झाला नाही.

त्या दिवशी चार वाजता वाळूजच्या एका कारखान्यात माझा प्रोग्राम चालवून दाखवायचा होता. नाही दाखवला, तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. सकाळी लॅपटॉपवर कंपाईल करायला घेतला (म्हणजे आपण लिहिलेलं मशीनला पचेल असं शिजवायचं) आणि अर्ध्या तासानं लॅपटॉप चालवणाऱ्या लिनक्सनं कळवलं, जागा शिल्लक नाही.

जागा नाही? मी बाह्या सरसावल्या! आधी सगळे सिनेमे उडवले. पुन्हा कंपाईल, पुन्हा तेच. कॉलेजच्या सहलीचे फोटो उडवले. पुन्हा तेच. मग नजर आबांच्या भाषणाकडे वळली. चाळीस मिनिटांचा तो व्हिडिओ पाहिल्याशिवाय आमच्याकडे पाहुण्याला चहा मिळत नसे. डोळे मिटून तोही उडवला. डिस्क इतकी रिकामी झाली की आत क्रिकेट खेळावं! तरी लिनक्स म्हणालं, जागा शिल्लक नाही.

दीड वाजला. मी डोकं धरून बसलो होतो, तेवढ्यात आई गच्चीवरून खाली आली. तिच्या कोपरापर्यंत कुरडयांचा चीक होता. मी तिला सगळी रडकथा ऐकवली (भाषणाचं तेवढं गाळून).

"कपाटं रिकामी केलीस, पण ते पसारा कुठं मांडतंय ते बघितलं का?" आईनं विचारलं. "आपली गच्ची कुरडयांनी भरली तर मी कपाटं नाय उचकली. शेजारच्या भाभीची गच्ची मागितली."

मी बघितलं. कंपाईल करताना मधल्या टप्प्यातला कच्चा माल लिनक्स एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये पसरतं. माझ्या लॅपटॉपवर ते फोल्डर डिस्कवर नव्हतंच, मेमरीत (म्हणजे रॅममध्ये) होतं, आणि तिथं ओंजळभर जागा. एका ओळीचा हुकूम दिला, बाबा रे, पसारा डिस्कवर मांड. पावणेतीनला प्रोग्राम तयार!

चार वाजता तो असा पळाला की साहेबांनी उठून हात मिळवला आणि आणखी दोन विभागांचं काम दिलं. दौलताबादचा किल्ला एकट्यानं सर केल्याच्या थाटात मी घरी आलो.

घरी पाहुणे बसले होते. भाषण लावायला आबा टीव्हीसमोर माझीच वाट बघत होते. मी खरं काय ते सांगून टाकलं. आबांनी रिमोट बाजूला ठेवला.

"गेलं तर जाऊ दे," ते म्हणाले. "मला तोंडपाठ हाय."

आणि उभे राहिले. समोरासमोरचं भाषण सव्वा तास चाललं, कारण समारंभात राहून गेलेली सगळी नावं त्यांना आता आठवली होती. व्हिडिओ लावून मला निदान उठून जाता यायचं. आता प्रत्येक पाहुण्याच्या वेळी पहिल्या खुर्चीत मी असतो, आणि टाळ्यांची सुरुवातही मीच करतो!