खाणीतून आलेला रणगाडा

माझे शेजारी गोव्यात डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवतात. कुणाचा कसलाही घोटाळा झाला, की चहात उंडो पाव बुडवत ते म्हणणार, "जाता मरे!" म्हणजे, होतं रे असं.

त्या दिवशी मी वाड्यावरच्या प्रदर्शनासाठी रणगाड्याचं माझं पहिलंच मॉडेल जोडत होतो. चाकांवरच्या रबरी पट्ट्याची टोकं गरम स्क्रूड्रायव्हरने दाबून जोडायची असतात. मी तो इतका तापवला, की सांध्याचं भजं झालं. आता संध्याकाळी सगळ्या वाड्यासमोर माझी शोभा होणार होती.

"जाता मरे!" म्हणत शेजाऱ्यांनी आपल्या चपलेचा तांबडा चिखल खरवडला आणि सांध्यावर लिंपला.

प्रदर्शनात कुणीतरी मला विचारलं, "चिखल इतका खरा कसा जमला हो?"

मी शेजाऱ्यांच्या चपलांकडे पाहिलं. शेजारी मात्र माझ्या पाठीवर थाप मारून अभिमानाने म्हणाले, "ह्याचो हातच तसो!"