उकंडरावांची बोट

"मंग सकाळी पाचला भाकरी कोन थापनार? ते सांगा आधी!" उकंडरावांनी ओसरीच्या खांबावर थाप मारली.

"साडेपाचला थापल्या तर काय बोट बुडती का?" द्वारकाबाई आतून म्हणाली.

"बोटीला मधी आनू नको."

"मी आनते का तुमी? एकोनीस वर्षं झाली घरी येऊन. अजून घरात भोंगा वाजून राहिला."

भांडणाचा हा तिसरा दिवस होता. कारण होतं सून रागिणीच्या हातातला कागद. शिक्षणसेवक म्हणून तिची निवड झाली होती, कळमनुरीच्या पलीकडच्या गावात. महिन्याच्या आत हजर व्हा, नाहीतर नेमणूक रद्द, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. शिरड शहापूरहून सकाळी सहाची एसटी, मध्ये एकदा गाडी बदलायची, आणि परत यायला दिवस मावळायचा.

घरात माणसं चार आणि दोन सालगडी. सकाळी वीस भाकरी लागत. मुलगा वैजनाथ साखर कारखान्यावर सकाळच्या पाळीला जाई, त्याचा डबा साडेपाचला तयार लागे. द्वारकाबाईचं उजवं मनगट दोन वर्षांमागं हळदीच्या सरीत पडून मोडलं होतं आणि बसवणाऱ्यानं ते वाकडं बसवलं होतं. भाजी फोडणीला टाकता येई, परातीत पीठ रगडता येत नसे. म्हणजे हात उरले ते रागिणीचे.

"मी चारला उठून करते, मामा," रागिणी दाराआडून म्हणाली.

"अजिबात न्हाई," हे मात्र द्वारकाबाई म्हणाली. चारला उठून वीस भाकरी थापल्यावर बाईचं काय होतं, ते तिला चांगलं ठाऊक होतं. तीस वर्षं तिनं तेच केलं होतं.

"बघा, तुमच्यातच एकमत न्हाई," उकंडराव म्हणाले. "जहाजावर एक मानूस कमी पडला तर सगळं जहाज लंगडं व्हतं. सूनबाईची नोकरी न्हाई म्हंजे न्हाई."

वैजनाथनं बुटाची नाडी दोनदा बांधली, दोनदा सोडली आणि तो कारखान्यावर निघून गेला. बापापुढं त्याचं मत एवढंच असे.

उकंडराव अठराव्या वर्षी भरतीत निवडले गेले, तेव्हा त्यांनी पूर्णा नदीपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. सतरा वर्षं ते एकाच युद्धनौकेवर होते. त्र्याऐंशी साली पेन्शन घेऊन आले आणि येताना जहाजाची सगळी शिस्त ट्रंकेत घालून घेऊन आले. पाचला उठणं, नऊला कोठीची तपासणी, फडताळावर बोट फिरवून धूळ बघणं. गावात त्यांचा मान होता. पंधरा ऑगस्टला झेंड्यापाशी त्यांना पुढं उभं करत. शेजारचा जळबा तर रोज ओसरीवर बसून विचारायचा, "मंग लढाईच्या टायमाला कसं व्हतं, उकंडराव?"

"सहाशे मानसं माझ्या हातावर व्हती, जळबा. लढाई चालू असताना एक मिनिट हात थांबला न्हाई."

"बापरे! तोफ लई मोठी असंल."

यावर उकंडराव सुपारी कातरू लागत. होही म्हणत नसत, नाहीही म्हणत नसत.

द्वारकाबाई त्या जहाजाचं नाव कधी घेत नसे. 'ती' म्हणे. आपल्या लग्नाच्या आधीपासून नवरा 'तिच्या'कडं होता आणि वर्षातून दोन महिने आपल्याकडं, तर हिशोबानं आपणच सवत, असं ती शेजारच्या सोजराबाईला सांगे. घरात मात्र 'तिचा' जाच पुरेपूर होता. फोडणी टाकायच्या आधीच ओसरीवरून आवाज येई, "तेल तापलं न्हाई अजून, मोहरी काहून टाकून राहिली?" कढईकडं न बघता याला कसं कळतं, याचं तिला नवल वाटे. सैन्यात कान तयार करत असतील, अशी तिनं मनाची समजूत घातली होती.

आणि नेमकं त्याच आठवड्यात 'तिचं' पत्र आलं. जहाज आता संग्रहालय होणार होतं. लोक तिकीट काढून बघायला येणार, म्हणून ते पुन्हा जुन्यासारखं करायचं होतं. कोणती वस्तू कुठं होती हे माहीत असलेले जुने खलाशी आठ दिवस येतील का, अशी विनंती होती. राहण्याची सोय जोडप्याची.

"बायांना बोटीवर चक्कर येते," उकंडराव घाईघाईनं म्हणाले.

"मी बी येनार," द्वारकाबाई म्हणाली. "जिच्या कायद्यानं माझं घर चालतं, ती एकदा बघू द्या."

वसमतचा किसनसिंग, त्यांचा जहाजावरचा दोस्त, सोबत होता. मुंबईच्या गोदीत 'ती' दिसली तेव्हा द्वारकाबाईनं मान वर करून तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळलं. एवढी मोठी असेल असं वाटलं नव्हतं. करड्या रंगाचे पोपडे निघालेले, खालच्या अंगाला गंज, दोऱ्यांवर कावळे. म्हातारी झाली होती बिचारी. द्वारकाबाईनं पिशवीतून खण, नारळ, तांदूळ, कुंकू आणि घरच्या हळदीची पुडी काढली.

"किसनसिंग भाऊजी, हिची ओटी कुठं असती?"

किसनसिंगनं सतरा वर्षांत हा विचार केला नव्हता. त्यानं डोकं खाजवलं आणि नाळेकडं, जहाजाच्या पुढच्या टोकाकडं, बोट दाखवलं. "भाबी, आगे से ही ठीक रहेगा."

पहारेकरी धावत आला, पण नौकेची ओटी भरणाऱ्या बाईला कोणत्या नियमाखाली अडवायचं, हे त्याला आठवेना. तोवर दोन बोटं हळदीकुंकू लागलं होतं. आठ दिवस कोणत्याही रंगाऱ्यानं त्यावर ब्रश फिरवला नाही.

वरच्या डेकवर एक तरुण अधिकारी यादी घेऊन उभा होता. जो जिथं कामाला होता, त्यानं तिथंच जायचं आणि ती जागा होती तशी करून द्यायची. तो नावं वाचू लागला. कुणी इंजिनावर, कुणी तोफेवर, कुणी तारायंत्राच्या खोलीत.

"उकंडराव गंगाराम. भटारखाना."

उकंडरावांना खोकला आला. तो थांबेना.

"नाव चुकलं असंल," ते बायकोकडं न बघता म्हणाले.

"चुकलं कसं?" किसनसिंग खूश होऊन म्हणाला. "भाबी, छे सौ आदमी इसके हाथ का खाते थे! लड़ाई में भी गरम पुरी! इसने बताया नहीं?"

"बतावलं की," द्वारकाबाई म्हणाली. "रोजच बतावतेत."

भटारखाना खालच्या मजल्यावर होता. छताला वीस वर्षांची काजळी, डेगीखाली गंज, भिंतीवरचे आकडे वाकलेले. पहिला दिवस उकंडराव अपराध्यासारखे घासत राहिले. दुसऱ्या दिवशी मात्र विसरले. हा झारा या आकड्याला, ती चाळण त्या खिळ्याला. रंगाऱ्यानं डेग उलटी ठेवली तर त्याच्या अंगावर ओरडले. तिसऱ्या दिवशी संग्रहालयवाल्यांनी स्वयंपाक्याचा पुतळा आणला. त्याला टोपी होती, ॲप्रन होता, आणि हातात लाटणं असं दिलं होतं की जणू तो कुत्रं हाकलतोय.

"असं लाटनं धरून सात जन्मांत पुरी व्हनार न्हाई!" उकंडराव भडकले. पुतळ्याच्या हातातलं लाटणं काढून त्यांनी हवेतच चार पुऱ्या लाटून दाखवल्या. अधिकाऱ्यानं फोटो काढले. तसाच वाकवून पुतळ्याचा हात पुन्हा बसवायचं ठरलं.

द्वारकाबाई कोपऱ्यात उलट्या डब्यावर बसून बघत होती. बोलत नव्हती. आणि ती बोलत नाही याचीच उकंडरावांना जास्त धास्ती वाटत होती.

चौथ्या दिवशी जेवणाची गाडी आलीच नाही. दीड वाजला, दोन वाजले. तीस म्हातारे खलाशी सावलीत बसून एकमेकांची तोंडं बघू लागले. अधिकारी खाली आला. धक्क्यावर गॅसची शेगडी होती, कणीक-बटाटे मागवता येतील, म्हणाला. "कितना टाइम लगेगा?"

"एक घंटा, सर," उकंडरावांचे पाय जुळले, हात सरळ झाला. बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं.

मग द्वारकाबाईनं जे बघितलं, ते तिनं लग्नानंतर बत्तीस वर्षांत बघितलं नव्हतं. किसनसिंग बटाटे सोलत होता आणि हा माणूस एका हातानं पाणी ओतत, दुसऱ्या हातानं दहा किलो कणीक मळत होता. परातीबाहेर चिमूट सांडली नाही. तेल तापलं का हे बघायलासुद्धा मान वळली नाही. तासाभरात तीस माणसं पुरी-भाजी खात होती. शेवटी त्यांनी शेगडी पुसली, परात धुतली, फडकं पिळून चारही कोपरे सरळ करून दोरीवर घातलं. घरी या माणसानं चहा पिऊन कपबशी कधी मोरीपर्यंत नेली नव्हती.

एक ताट घेऊन ते तिच्यापाशी आले. "गरम हाय तवर खा."

ती खाली बसली आणि नऊ पुऱ्या खाल्ल्या. मीठ बराबर होतं. दुसऱ्याच्या हातचं गरम जेवण रागिणी घरात आल्यापासून मिळे, पण नवऱ्याच्या हातचं कधी मिळेल हे कुणी सांगितलं असतं तर तिनं त्यालाच वेड्यात काढलं असतं.

"भाकरी येते?" तिनं सहज विचारलं.

"न यायला काय झालं? जवारीची बी येते, बाजरीची बी. उकळतं पानी घ्यायचं, अन् कडा आधी..." उकंडराव थांबले. चाल उशिरा कळलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला.

मग त्यांनी हळूच सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्याच सुट्टीत ते हौसेनं चुलीपुढं बसले होते. आई बघून रडली. शिपाई म्हणून पाठवला अन् बाई होऊन आला, म्हणाली. गल्लीतल्या बाया महिनाभर हसत होत्या. त्या दिवसापासून चुलीकडं पाठ फिरवली ती फिरवलीच.

द्वारकाबाईला ते रडणं आठवलं. नवी नवरी होती ती तेव्हा. आपल्याच हातून काही चुकलं असेल म्हणून दोन दिवस जेवली नव्हती.

"गावात सांगू नको," उकंडराव म्हणाले. "जळबा काय म्हनंल?"

ती काहीच बोलली नाही. आठवडा संपेपर्यंत बोलली नाही, नांदेडपर्यंतच्या गाडीत बोलली नाही, एसटीतही नाही. उकंडरावांनी वाटेत तीनदा स्वतःहून तिला पाणी आणून दिलं. तिनं ते पिऊन टाकलं.

घरी पोचले तर ओसरीवर जळबा आणि चार जण वाट बघत बसलेले.

"वैनी, तोफ हाय का अजून?"

उकंडरावांनी डोळे मिटून घेतले.

"हाय जाग्यावर," द्वारकाबाई म्हणाली. "जा आता, आमी दमून आलो."

मंडळी नाइलाजानं उठली. उकंडरावांनी एवढा मोठा श्वास सोडला की खुंटीवरचा टॉवेल हलला. आत रागिणी चहा ठेवत होती. तिचा कागद देव्हाऱ्याच्या फळीवर होता आणि मुदतीचे चार दिवस उरले होते. वैजनाथ बूट काढत होता.

द्वारकाबाईनं पिशवी खुंटीला लावली, मनगट चोळलं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहिली.

"रागिणी, सोमवारच्या सहाच्या गाडीनं तू शाळेवर हजर व्हायचं. वैजनाथ, मुकाट्यानं तिला स्टँडवर सोडायचं. सकाळच्या वीस भाकरी तुझे वडील थापनार हायत. त्यांना येतात, मी त्यांच्या हातचं खाऊन आले. लाज वाटत असंल तर त्यांनी दार लावून कराव्यात, न्हाईतर उघडं ठेवून, ते त्यांचं त्यांनी बघावं. पन पाचला."