सहाच्या बाई

आमच्या ताईचं काम काय, असं कुणी विचारलं की आमची ही घाईघाईने "दवाखान्यातलं" असं सांगून विषय बदलायची. खरं सांगायची सोयच नव्हती. ताई पहाटे उठून लोकांच्या घरी जायची, बेल वाजवायची आणि त्यांना लघवी करताना बघायची. "सरळ सांग ना त्यात काय," ताई म्हणायची. "बावीस वर्षं नर्स म्हणून बेडपॅन उचलली, आता बाटल्या उचलते. बढतीच झाली म्हणायची."

खेळाडू उत्तेजक औषधं घेत नाहीत ना, हे तपासणारी एक कचेरी असते. ताई तिची माणूस. मोठ्या खेळाडूंनी रोजचा एक तास आणि एक पत्ता या कचेरीला लिहून द्यायचा. त्या तासात त्या पत्त्यावर हजर राहायचं. तपासायला कधी येतील ते मात्र सांगत नाहीत, महिनाभर येणार नाहीत किंवा लागोपाठ दोन दिवस येतील. वर्षात तीनदा सापडला नाहीत तर तुम्ही औषध घेतलंत असंच धरून चालतात आणि बंदी घालतात. बहुतेक खेळाडू सकाळचे सहा ते सात हा तास देतात, कारण त्या वेळी माणूस घरीच असतो. म्हणून ताईचं नाव पडलं 'सहाच्या बाई'. चौदा वर्षं ती पाचच्या आधी उठत होती. तिच्या पायांच्या शिरा नर्सपणातच फुगल्या होत्या, या नोकरीने त्यांत जिने घातले. मी वायरमन आहे, शिडीवर उभं राहून माझेही पाय दुखतात, पण मी निदान तक्रार करतो.

बारकी तिच्या यादीत पहिल्या वर्षापासून होती. आमच्या भागातली ही मुलगी सायकल शर्यतींत उतरली आणि पुढे सायकल चालवण्याचाच पगार घेऊ लागली. अंगाने काडी, म्हणून बारकी. तेहतीस वर्षांची झाली तरी बारकीच. ताई घरी खेळाडूंची नावं घेत नसे, "ती बारीक अंगाची" एवढंच म्हणायची. आता बारीक अंगाची सायकलवाली आमच्याकडे एकच, पण आम्ही आपलं कळलं नाही असं दाखवायचो.

तर ती बारीक अंगाची एकोणीस वर्षांची असल्यापासून ताई तिच्या न्हाणीघरात हातभर अंतरावर उभी राहत आली होती. कपडे छातीपर्यंत वर, गुडघ्यापर्यंत खाली, बाह्या कोपरापर्यंत, असा नियम. मग ते दोन बाटल्यांत ओतायचं, झाकणं त्या मुलीनेच बंद करायची, ताईने हात लावायचा नाही. घरातला चहासुद्धा घ्यायचा नाही. "बाई, माझ्या आईनंही मला एवढ्या वेळा बघितलं नसेल," असं बारकी एकदा म्हणाली, तेव्हा ताई तिथे हसली नाही. घरी येऊन हसली.

मागच्या वर्षी गडबड झाली. दोन वर्षं मागे पडलेली बारकी डोंगरातली मोठी शर्यत जिंकून बसली. टीव्हीवर एक गृहस्थ म्हणाले, "वय बघा आणि वेळ बघा, आम्ही काही म्हणत नाही." काही म्हणत नाही म्हणून सगळं म्हणून झालं. त्यातच बारकी दोनदा कचेरीच्या माणसांना सापडली नव्हती. एकदा विमान लांबलं आणि एकदा आईला दवाखान्यात नेलं तेव्हा पत्ता बदलून कळवायचं राहिलं. ही कारणं खरी होती, पण नियमाला कारण चालत नाही. आणि मग एका मंगळवारी तिसऱ्यांदा दार उघडलं नाही. गुरुवारी बारकीने जाहीर केलं की मी शर्यती सोडते आहे. पत्रक दोन ओळींचं होतं: मी थकले आहे, सगळ्यांचे आभार. शनिवारी कचेरीतून कुणीतरी बातमी फोडली की मंगळवारी दार उघडलं नव्हतं.

बाईमाणसाने अचानक काही सोडलं की लोकांकडे तीन कारणं तयार असतात. लग्न, बाळ आणि भानगड. बारकीला पहिली दोन लागू होईनात, मग तिसरं उरलं. मी पंखे लावायला, फ्यूज बदलायला दहा घरी जातो. दहाही घरी हेच. आणि खोटं कशाला बोलू, मीही शिडीवरून म्हणालो, "घेतलं असणारच हो, त्याशिवाय कोण पळतं?" समोरच्या माणसाला बरं वाटलं. मलाही वाटलं.

ताईची खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला. दिवसाही दिवा लावावा लागतो. रविवारी मी तिथला होल्डर बदलत होतो आणि ती खाटेवर एक मोजा हातात घेऊन बसली होती. पायात घालत नव्हती, ठेवतही नव्हती.

"बेल दाबली आणि बाहेर आवाज आला नाही," ती म्हणाली, "तर ती वाजली असं धरायचं का?"

"आतल्या आत वाजत असेल. चांगलं दार असलं तर बाहेर ऐकू येत नाही. का गं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणून कुणी वायरमनला बेलबद्दल विचारत नाही."

मग तिने सांगितलं. मंगळवारी तीच गेली होती. आदल्या दिवशी दोन गावं केली होती, पाय विटांसारखे झाले होते. सहाला बेल दाबली. सहा-दहाला पुन्हा दाबली. आवाज आला नाही, दार उघडलं नाही. नियम असा की तासभर थांबायचं, दर दहा मिनिटांनी बेल वाजवायची, दार ठोठावायचं आणि शेवटच्या पाच मिनिटांत फोन करायचा. ताई क्षणभर पायरीवर टेकली. बूट काढले. डोळा लागला तो सात वाजून चार मिनिटांनी उघडला.

"आणि अहवाल?"

"भरला."

"काय भरलास?"

ताईने मोजा खाली ठेवला. "सहा-वीसला बेल. सहा-तीसला बेल, दार ठोठावलं. सहा-चाळीस. सहा-पन्नास. सहा-पंचावन्नला फोन, उत्तर नाही. गाडीत बसून भरला. मला कळलंसुद्धा नाही रे. हात चालला."

हे मला एकदम समजलं, आणि समजलं म्हणून जास्त राग आला. ताई नर्स असताना सांगायची, रात्री दर दोन तासांनी ताप बघून तक्त्यात लिहायचा असतो. पण चांगला गाढ झोपलेला माणूस थर्मामीटर लावायला कुणी उठवत नाही. कपाळावर हात ठेवायचा आणि आधीच्या आकड्याजवळचा आकडा लिहायचा. सगळ्याच नर्स तसं लिहायच्या, त्याने कुणी मेलं नाही. बावीस वर्षं तिच्या हाताने रिकामी चौकट दिसली की भरली होती.

"आता मी कचेरीला खरं सांगणार," ती म्हणाली. "मी तासभर प्रयत्न केला नाही म्हटल्यावर ती तिसरी खेप रद्द होते. तिच्यावर बंदी येत नाही."

"आणि तुझं काय होतं?"

"काढतील."

"छापून येईल तुझं नाव! चौदा वर्षं राबलीस ती गेली चुलीत. आणि ती खरंच घेत असेल तर? मग कुणासाठी हे सगळं?"

"घेतही असेल," ताई म्हणाली. "मी पाहिलेलं नाही. मी न पाहिलेलं एकदा लिहिलं, तेवढं बास झालं."

मी तिला गप्प राहायला सांगितलं. दोनदा सांगितलं. ते इथे लिहून ठेवतो, कारण नंतर मी फार शहाण्यासारखा वागलो असं कुणाला वाटू नये.

कचेरीत जाण्याआधी बारकीला स्वतः सांगायचं, तिने पेपरात वाचायला नको, असं ताईने ठरवलं. सोमवारी अकरा वाजता मी तिला घेऊन गेलो. खिशात टेस्टर होता. बेल बिघडलेली निघाली तर दोष बेलच्या माथी मारता येईल, असं माझ्या मनात होतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर मीच धापा टाकायला लागलो. ताई कठडा धरून एकेक पायरी चढत होती.

बेल दाबली. आवाज आला नाही. मी टेस्टर काढणार तेवढ्यात दार उघडलं. म्हणजे बेल ठणठणीत होती.

"या बाई," बारकी म्हणाली. "आज अकरा वाजता? आता मी यादीत नाही ना?"

आत भिंतीवर सायकली टांगायचे चार हूक होते, चारही रिकामे. बारकी अंगात जुना स्वेटर घालून उभी होती, डोळ्यांखाली काळं. ताई बसली नाही. उभ्याउभ्या तिने सगळं सांगितलं. पायरीवर टेकणं, झोप, खोट्या वेळा. "तुझं नाव माझ्यामुळे खराब झालं," ती म्हणाली. "मी उद्या लेखी देते आहे."

बारकीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला माहीत आहे बाई. मी दार उघडलं होतं."

"कधी?" ताईने विचारलं.

"दुसऱ्या बेलला उठले. कपडे घालून दार उघडेपर्यंत सव्वासहा झाले असतील. तुम्ही पायरीवर भिंतीला डोकं टेकून झोपला होतात. बूट काढलेले, पाय हे एवढे सुजलेले. मी हाक मारणार होते. पण चौदा वर्षांत तुम्हाला बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हटलं, झोपू दे पाच मिनिटं. जिन्यातला दिवा तुमच्या डोळ्यांवर येत होता, तो बंद केला आणि दार लोटलं."

"मग?" हे मी विचारलं.

"मग मीही पलंगावर टेकले. नऊला जाग आली. इतक्या वर्षांत मी नऊपर्यंत कधी झोपले नव्हते. उठले आणि कळलं, आता हे परत नाही जमायचं मला. ना डोंगर, ना सहा ते सात."

मी दाराशेजारच्या बोर्डाकडे पाहिलं. तीन बटणं होती. मी सवयीने तिसरं दाबलं आणि बाहेर जिन्यातला दिवा लागला. म्हणजे एवढं तरी खरं होतं.

मला वाटलं आता ताई तिला जवळ घेईल, रडेल, काहीतरी करेल. ताईने पदर खांद्यावरून घेतला. "हे तू मला सांगायला नको होतंस," ती म्हणाली, आणि वळून जिना उतरायला लागली.

मला काही कळेना. पहिल्या मजल्यावर तिला थांबवून विचारलं, "अगं, झालं काय? सुटली ना ती? तू झोपलीस एवढं सांग, बास."

"बाहेर तपासणीस आली आहे हे माहीत असून दार लावून घेतलं, तर ते 'सापडली नाही' यात बसत नाही," ताई म्हणाली. "त्याला तपासणी टाळली म्हणतात. त्याला तीन खेपा लागत नाहीत, एकच पुरते. शिक्षा दुप्पट."

"तिला हे माहीत नव्हतं?"

"नियम तिला माझ्यापेक्षा पाठ आहेत."

"मग सांगितलं कशाला?"

"थकली असेल," ताई म्हणाली.

मी शेवटी विचारलंच. "ताई, ती घेत होती का गं?"

"मला काय विचारतोस? चौदा वर्षं तिच्या बाटल्या मी नेल्या. आत काय निघालं ते मला कधी कुणी सांगितलं नाही. नेणाऱ्याला सांगत नसतात."

निकाल काय लागला ते आधीच सांगून टाकतो, कारण त्यात काही मोठं नाही. तिसरी खेप रद्द झाली, बारकीवर बंदी आली नाही. ताईला कचेरीने काढलं, पेटी आणि ओळखपत्र जमा करून घेतलं. लोक म्हणाले, बारकीने बाईला फितवलं. बारकी सुटली असं कुणी म्हणालं नाही, निसटली म्हणाले. परवाच एका घरी मी शिडीवर असताना खाली पुन्हा तेच सुरू झालं. मी खाली उतरलो, पिशवी भरली आणि पंखा तसाच लोंबता ठेवून निघून आलो. माझ्याने दुसरं काही झालं नाही.

पण सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवशीचं, मंगळवारचं. कचेरीने जबाबाचा कागद दिला होता, चौकटी आखलेला. दुपारी चारला ताई तिच्या खोलीत दिव्याखाली तो भरायला बसली. कुठे झोपले, किती वाजता, खोट्या नोंदी कोणत्या, सगळं तिने सुवाच्य लिहिलं. शेवटच्या चौकटीत छापलं होतं: 'या घटनेनंतर सदर खेळाडूशी आपले बोलणे झाले आहे काय? असल्यास तपशील द्यावा.'

ताईने पेन ठेवलं. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

"मी तिथे नव्हतोच समज," मी म्हणालो. "मी काही ऐकलेलं नाही."

"तू ऐकलंस," ती म्हणाली. "मीही ऐकलं."

मग तिने पेन उचलून तिथे 'नाही' असं लिहिलं. एकच शब्द, पण सावकाश, अक्षर गिरवल्यासारखं.

"त्या दिवशी लिहिलं ते झोपेत लिहिलं होतं," ती म्हणाली. "हे मी जागी राहून लिहिलं आहे. हे माझं."

खाली 'वरील मजकूर खरा आहे' असं छापलेलं होतं. तिने त्याखाली सही केली, कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि पाय वर घेऊन खाटेवर आडवी झाली. चौदा वर्षांत मी तिला दुपारी आडवं झालेलं पाहिलं नव्हतं. भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "जाताना दिवा बंद कर. डोळ्यांवर येतो."

मी बंद केला आणि दार लोटून घेतलं.