वारा दगडाला खातो

चैत्रात तेल्हाऱ्याकडून कापसाची गाडी अकोल्याला आली. गाडीवान ओळखीचा, माझ्या जुन्या गावचा. बैल सोडता सोडता म्हणाला, "मास्तर, सुकाजी गेला. तीन दिवस ताप होता, बस." एवढं सांगून तो गाठोडी उतरवायला लागला. मी घरी आलो आणि मेजावरच्या दगडाकडं पाहत बसलो. काळा, अंड्याच्या घाटाचा, मुठीत मावणारा. तीन वर्षं तो माझ्या कागदांवर बसून होता. मला रडू आलं नाही, लाज वाटली... आणि तिचं कारण लिहिल्याशिवाय सुकाजीबद्दल काही लिहिता येणार नाही.

सुकाजी पिकाचा राखणदार. ज्वारी हुरड्याला आली की त्याचा मुक्काम मचाणावर, हातात गोफण आणि शेजारी दगडांची टोपली. बायको सारजाबाई पलीकडच्या मचाणावर, तिच्याही हातात गोफण. दोघं एकमेकांशी ओरडूनच बोलत, त्यामुळे त्यांचा संसार गावाला तोंडपाठ होता. दगड गोफणीत घालण्याआधी सुकाजी तळहातावर झेलून बघायचा. "हा फुसका, वारा खाईन याले," म्हणून टाकून द्यायचा. मग अंगरख्याच्या खिशातून कापसाची चिमूट काढून वर सोडायची, ती कुठं जाते ते बघायचं आणि मगच हात फिरवायचा. वारा पाठीशी असला तर दगड उंच, समोरून असला तर ज्वारीच्या कणसांवरून सरपटत गेल्यासारखा खाली. मला हे सगळं अडाण्याचं कौतुक वाटे. मी तेव्हा पंचविशीचा, नुकताच यंत्रशास्त्राचं एक पुस्तक वाचून आलेला, आणि पाटलाच्या ओसरीवर शाळा भरवणारा. शहाणपण नुसतं उतू जात होतं.

त्या गावात गायरानाची हद्द गोफणीनं ठरते. गोफणीचा एक मानकरी असतो. तो मेला की पुढच्या अक्षय तृतीयेला नवा मानकरी मारुतीच्या पारावरून मावळतीकडं एक दगड फेकतो. दगड पडेल तिथपर्यंत गावाची गुरं, त्यापलीकडं नांगर. पिढ्यान्‌पिढ्या दगड बाभळीच्या पुढंच पडत आलेला, आणि बाभळीखाली पाण्याचं तळं. भर उन्हाळ्यात गुरांना तेवढाच ओलावा. पण तिकडं अमेरिकेत लढाई पेटली, इकडं कापसाला कधी न ऐकलेला भाव आला, आणि लोक उंबऱ्यापर्यंत कापसाची पराटी लावायला निघाले. तशात जुना मानकरी वारला. मान सुकाजीकडं आला, आणि गायरानाला लागून शेत होतं पाटलाचं.

पाटील म्हणाले, फेक तिसऱ्या प्रहरी. सुकाजी म्हणाला, "सकाळी फेकू द्या. तवा वारा निजून रायते. तिसऱ्या पहरी तो मावळतीचा समोरून येते, दगडाले खाते." वाद वाढला. निवाडा कोण करणार? शिकलेला मास्तर. मी पारापुढच्या धुळीत काठीनं एक सुरेख कमान काढली आणि सांगितलं की फेकलेला दगड कसा जातो ते पुस्तकात सिद्ध आहे. भरीव धोंड्यापुढं हवेचा अडथळा धरायचं कारण नाही. वेळ कुठलीही चालेल. सुकाजीनं त्या कमानीकडं पाहिलं. म्हणाला, "मास्तर, तुमच्या पुस्तकात वारा सुटत नाई काय?" सगळे हसले. मीही हसलो.

तिसऱ्या प्रहरी त्यानं आपल्या टोपलीतला सगळ्यात भरलेला दगड घेतला. खाली वाकून, जीव खाऊन फेकला. दगड बाभळीच्या अलीकडं पंधरा पावलांवर पडला. तळं गेलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो मला उठवायला आला. हातात तोच दगड. पारावर आम्ही दोघंच. कापसाची चिमूट त्याच्या बोटांतून सुटली आणि सरळ पायाशी पडली. मग त्यानं फेकलेला दगड बाभळीवरून, तळ्यावरून पार पलीकडं गेला. त्यानं जाऊन तो आणला, माझ्या हातात दिला. "पोराइले शिकवसान तं हवा धरून शिकवजा," एवढंच बोलला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी पाटलाकडं जाऊन चूक कबूल करायला हवी होती. केली नाही. शाळा त्यांच्या ओसरीवर होती, आणि माझी अब्रू माझ्या पुस्तकात होती. त्या उन्हाळ्यात गुरं कोसभर लांब नाल्यावर जाऊ लागली. सुकाजीनं गाय विकली. मला भेटला की पूर्वीसारखाच रामराम करायचा, आणि तो घ्यायला मला जड जायचं.

यंदा अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी मी दगड घेऊन गावात गेलो. पारावर सगळ्यांसमोर सांगितलं, माझा निवाडा चुकला होता. यात फार मोठं धाडस नव्हतं. आता माझी शाळा अकोल्यात आहे. पाटलांनी शांतपणे विचारलं, "तवा कावून नाई बोलले?" मी म्हणालो, "भ्यालो होतो." ते म्हणाले, "बरं, सकाळी फेका. पन फेकीन कोन?" ते खरंच होतं. कापसापायी ज्वारी खाण्यापुरती उरलेली, पोरांना गोफण धरता येत नव्हती. तेवढ्यात मागं बायकांमधून सारजाबाई उठली. कपाळ मोकळं, आवाज मात्र मचाणावरचाच. "मी फेकतो."

सकाळी तिनं माझ्या हातातून दगड घेतला, तळहातावर झेलला, मान हलवली. पदराच्या गाठीतून कापसाची चिमूट काढून वर सोडली आणि ती जमिनीला लागेपर्यंत थांबली. मग हात फिरला. उगवतीचं ऊन आमच्या पाठीशी होतं, तरी दगड कुठं गेला ते कुणालाच दिसलं नाही. आणि लांबून, बाभळीखालून, पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला.

तळं गावाचं झालं. दगड तळाशी राहिला, तो काढायला मी कुणाला सांगितलं नाही. आता मेजावर कागदांवर ठेवायला काही नाही. तिसऱ्या प्रहरी खिडकीतून मावळतीचा वारा येतो, पोरांच्या वह्यांची पानं खोलीभर होतात, आणि मी उठून ती गोळा करतो. खिडकी लावत नाही.