हंसाबाईनं मोटार घासली

फुलसावंगीच्या पलीकडे, टेकाडाच्या पोटाशी असलेल्या बंजारा तांड्यात हंसाबाई राहत असे. तिला पाहण्याचा नाद होता. नाद म्हणजे जत्रा-तमाशाचा नव्हे. एखादी वस्तू दिसली, की ती आतून कशी आहे, मागून कशी आहे आणि हात लावला तर काय होतं, हे कळल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे. शाळामास्तरांनी बॅटरी आणली, तर उजेड कुठे साठवतात ते पाहायला हिनं ती उघडली आणि आतला सेल जिभेला लावून पाहिला. फाट्यावर पहिल्यांदा एसटी आली, तेव्हा बाकीच्या बाया तिला ओवाळत होत्या आणि हंसाबाई खाली शिरून तिचं पोट पाहत होती. कंडक्टरनं पायाला धरून बाहेर ओढली, तर त्यालाच विचारते, "खालून एवढं गळून राह्यलं, हिले कोणी औषध नाही देत काय?"

तिचा नवरा फकिरा. बोलायला लागलं की बिडी विझते, म्हणून तो बोलत नसे. कोणी त्याच्याकडे गाऱ्हाणं नेलं, तर तो एवढंच म्हणायचा, "पाहू द्या. पाह्यल्याबिगर तिले कळत नाही." घरातलं बोलणं अर्थात बंजाऱ्यांच्या गोरबोलीत चाले, इथं ते वऱ्हाडीत सांगितलं आहे.

या नादापायी तिच्या मुलीची, जमनीची, एक सोयरीक मोडली होती. दिग्रसकडचं घर होतं, चांगलं खातंपितं. हंसाबाई घर पाहायला गेली आणि घरच्या बाया चहाच्या नादात असताना त्यांच्या कणगीपाशी जाऊन बसली. आतली ज्वारी यंदाची की गेल्या सालची, एवढंच तिला पाहायचं होतं. म्हणून तिनं खालच्या भोकातला चिंध्यांचा बोळा काढला. तो काही परत बसेना. पाव्हणे अंगणातून आत आले, तोवर हंसाबाई गुडघाभर ज्वारीत उभी होती. "मायचा हात असा, तर लेकीचा कसा असंन?" असं म्हणून त्या लोकांनी नारळ परत पाठवला.

जमनी रडली नाही. तिनं आईशी बोलणं टाकलं, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं. हंसाबाईला ते फार लागलं.

म्हणून १९६१ सालच्या माघात दुसरं स्थळ आलं, तेव्हा जमनीनं आईचे दोन्ही हात धरले. "याडी, येवढ्या बारीनं कायलेच हात लावू नको."

"नाही लावत. तुह्यी आण."

स्थळ जमनीच्या मनातलं होतं. मुलगा थावरा, पुसदला जिनिंगमध्ये कामाला. बाजारात त्यानं तिला पाहिलं होतं, तिनं त्याला पाहिलं होतं, आणि त्यानंतर जमनी दर बाजाराला तेल संपलं म्हणून सांगत असे. मुलाचा बाप प्रेमसिंग हा अब्दुल गनी शेठ नावाच्या पुसदच्या कापूस व्यापाऱ्याचा डायवर; जिनिंगही त्याच शेठचं. आधी तो शेठच्याच वखारीत हमाल होता. गाठी उचलून पाठ वाकली तशी शेठनं त्याला जुन्या ट्रकवर बसवलं आणि दिवाळीत नवी कोरी काळी मोटार आली, तेव्हा तिची चावी त्याच्या हातात दिली. प्रेमसिंग त्या मोटारीला फडक्यानं नाही, स्वतःच्या पागोट्याच्या टोकानं पुशी.

पाव्हणे यायच्या दिवशी शेठ कापूस पाहायला फुलसावंगीला आले होते. एका आडत्याच्या अंगणात खाटेवर बसून ते प्रेमसिंगला म्हणाले, "मैं इधरच बैठा हूँ. तू जा, बेटे का गुड़ बाँट के आ. पर मेरी गाडी को नाखून भी नहीं लगना."

हा गूळ म्हणजे साधी गोष्ट नव्हे. मुलाकडच्यांनी आणलेला गूळ तांड्याच्या नायकासमोर दोन्ही घरांनी खाल्ला, की सोयरीक पक्की. मग आभाळ कोसळलं तरी कोणी मागे फिरत नाही. गूळ तोंडात जाईपर्यंत मात्र सगळं वाऱ्यावर.

मोटार तांड्यात आली आणि फकिराच्या दारात, कापसाच्या पराटीच्या कुडासमोर उभी राहिली. माणसं उतरली. पाव्हण्यांच्या पायावर पाणी घातलं गेलं, माणसं आत घोंगड्यांवर बसली, गावची, पावसाची, कापसाची बोलणी सुरू झाली. हंसाबाई लोटा घेऊन बाहेर राहिली.

तिनं आण पाळली. मोटारीला हात लावला नाही. नुसती भोवती फिरली. पण वाटेच्या फुफाट्यानं मोटार पार मळून गेली होती, आणि तिच्या कुडाकडच्या दारावर कोणाच्या तरी कोपरानं धूळ पुसली गेली होती. तेवढ्या जागेत हंसाबाईला आपल्या काचळीवरचे, म्हणजे चोळीवरचे, आरसे लुकलुकताना दिसले. ती वाकली. आरशांच्या वर तिचं स्वतःचं तोंड होतं. काळ्या पत्र्यात, कानाशी लोंबणाऱ्या चांदीसकट.

आता पाहा, माणूस कितीही शहाणा असला तरी यापुढे काय करणार? तोंड दिसत होतं, पण धुरकट. हंसाबाईच्या घरची काशाची थाळी अशीच धुरकट झाली, की ती राखेनं घासत असे आणि मग त्या थाळीत तोंड पाहून कुंकू लावता येई. शिवाय पाव्हण्यांचे पाय धुतले, मग पाव्हण्यांना पाठीवर घेऊन आली तिनं काय पाप केलं? ती पण पाव्हणीच. हात लावायचा नाही हे खरं, पण पाव्हणीला धुणं म्हणजे काही हात लावणं नव्हे. मनाची अशी समजूत घालून तिनं चुलीतली मूठभर राख आणली, नारळाची शेंडी आणली, आणि थाळी घासतात तशी, गोल गोल, मनापासून घासली.

वरून लोटाभर पाणी ओतलं. दार असं लखलखलं, की तिला आपल्या नाकावरचा तीळ दिसला. हंसाबाई खूश झाली. उरलेली मोटारही घासून टाकावी म्हणून ती आणखी राख आणायला गेली.

परत आली, तर माघातल्या उन्हानं पाणी वाळलं होतं. चमक गेली होती. दारावर थाळीएवढा गोल, राखट, आंधळा डाग बसला होता.

तिनं घाईनं पाणी ओतलं. डाग गेला! तिनं डोळे मिटून सुस्कारा टाकला. उघडले, तर कडेकडेनं पाणी आटत होतं आणि डाग परत वर येत होता. पुन्हा पाणी, पुन्हा चमक. पुन्हा ऊन, पुन्हा डाग. एवढ्या धास्तीतही तिला नवल वाटलं, की ओलं असताना दिसत नाही ते वाळल्यावर कुठून येतं? मग आतली बोलणी कानावर आली आणि नवल पळालं. गूळ अजून खायचा होता.

त्यानंतर हंसाबाई आत-बाहेर करू लागली. नायक काही विचारी, ती हूं म्हणे, लोटा उचले, बाहेर जाई. प्रेमसिंगनं एकदा दारातून पाहिलं आणि तो तर भारावूनच गेला, फकिराला म्हणाला, "पाहा बापू, मोटारीवर पाणी घालून राह्यली बाई! एवढा मान तर आमच्या शेठच्या घरी पण नाही तिले." फकिरानं मात्र तोंडातली बिडी काढली. बायकोला तो पुरता ओळखून होता.

नायकानं गुळाचं फडकं सोडलं. थाळीत गूळ ठेवला. जमनी खांबाआड उभी होती, तिचं तोंड उजळलं होतं. हंसाबाईच्या हातात भरलेला लोटा होता. आणखी एकदा ओतला असता, तर गूळ खाऊन होईपर्यंत पुरला असता.

"नायक, गूळ थांबवा," ती म्हणाली. "सगळे बाहेर चाला. मले काही दाखवाचं हाय."

सगळे बाहेर आले. मोटारीचं ओलं दार लखलखत होतं.

"काय पाहाचं?" नायकानं विचारलं.

"वाळू द्या."

पंच, पाव्हणे, शेजारच्या बाया, सगळे दाराकडे पाहत उभे राहिले. काय दिसणार ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण मान कोणी वळवेना. त्या दिवशी अख्ख्या तांड्याला हंसाबाईचा नाद लागला. पाणी कडेनं आटत गेलं आणि मधून तो गोल वर आला.

"म्या केलं," हंसाबाई म्हणाली. "राखेनं घासलं. साफ होईन वाटलं."

प्रेमसिंगनं पागोट्याच्या टोकानं पुसलं, थुंकी लावून पुसलं. मग तांडा उपाय सांगायला धावला. कोणी लोणी आणलं. कोणी काजळ लावा म्हणालं, काळं ते काळ्यात मिसळेल. मिसळलं नाही, नुसतं माखलं. तिळाचं तेल चोळलं, तेव्हा डाग थोडा दबला, पण हात लावील त्याचा पंजा उमटू लागला.

"बस करा!" प्रेमसिंग ओरडला. "माह्यी नोकरी गेली. उद्या पोरगं बी जिनिंगमधून काढतीन." त्यानं थाळीतला गूळ उचलला, फडक्यात बांधला आणि मोटारीत पुढे ठेवला. जमनी खांबामागून हे पाहत होती. ती आईकडे वळली नाही.

हंसाबाईनं दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि ती आत बसली. "मी येते शेठकडं. म्या केलं, मी सांगीन."

जन्मात पहिल्यांदा ती मोटारीत बसली होती, तीही अशी. वाटेत ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. शेवटी राहवेना. "भाऊ, हे दाबलं की काय होते?"

"चूप बसा बाई!"

मोटारीमागे फुफाटा उठत होता. फुलसावंगीच्या अलीकडे प्रेमसिंगनं गाडी थांबवली, उतरून त्या बाजूला गेला आणि बराच वेळ तिथंच राहिला. तेलाला धूळ चिकटून दाराचा पार रस्ता झाला होता. डाग कुठं आहे ते त्याला स्वतःला सापडेना.

"दिसत नाही," तो हळूच म्हणाला. "बाई, तुम्ही इथंच उतरा. पुसदले गेल्यावर सांगतो, म्हशीनं अंग घासलं म्हणून."

"कोणाच्या म्हशीनं?"

"असंन कोणाचीबी."

"तेव्हा तुम्ही कुठं होते? अन् म्हशीनं गोलच काहून घासलं? राखेचा वास काहून येते म्हशीले?" ती काही त्याला अडवत नव्हती. तिला खरंच पडलेले प्रश्न होते ते. एवढं खोटं प्रेमसिंगला पेलणारं नव्हतं. तो येऊन गाडीत बसला.

आडत्याच्या अंगणात शेठ खाटेवरच होते. हंसाबाईनं ओढणीच्या पदरानं दार पुसलं, डाग उघडा केला आणि घडलं तसं सांगितलं. शेठ उठून जवळ आले. त्यांनी डागावरून बोट फिरवलं. त्यांची हौसेची गाडी होती, त्यांचा चेहरा उतरला, आणि मग तापला.

"प्रेमसिंग, चाबी रख दे."

प्रेमसिंगनं चावी खाटेवर ठेवली.

हंसाबाईनं चावीकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं. "शेठ, तुमाले येते चालवता?"

"नहीं."

"मंग पुसदले कोण नेईन?"

टोमणा नव्हता तो. तिला जाणून घ्यायचं होतं, आणि तिचे डोळे उत्तराची वाट पाहत होते. आडत्यानं तोंड फिरवलं, कारण त्याला हसू येत होतं.

"ऐसा क्या देखना था तेरे को?" शेठनी विचारलं.

"माह्यं तोंड. तुमच्या मोटारीत लय साफ दिसते." तिनं डागाकडे पाहिलं. "दिसत होतं."

शेठनी दाराच्या चांगल्या भागात वाकून पाहिलं, दाढीवरून हात फिरवला. दिवाळीपासून ते हेच करत आले होते, फक्त कोणी पाहत नसताना. "नागपूरसे रंग करके लाते," ते कुरकुरले. "तब तक मैं इस बाजू से नहीं उतरता. गुड़ खाया?"

"नाही," प्रेमसिंग म्हणाला. "गूळ वाटाच्या आधीच सांगितलं हिनं."

शेठनी मान वर करून हंसाबाईकडे पाहिलं. मग चावी उचलून प्रेमसिंगच्या हातावर ठेवली. "पहले इसको घर छोड़ के आ."

तांड्यात कोणी हललं नव्हतं. मोटार दिसली तशी माणसं उठून उभी राहिली. प्रेमसिंग गुळाचं फडकं घेऊन उतरला, पण त्यानं ते सोडलं नाही. सगळ्यांसमोर हंसाबाईकडे वळून म्हणाला, "एक सांगा. गूळ खाऊन झाल्यावर दाखवलं असतं, तर सोयरीक मोडली नसती. आधी काहून दाखवलं?"

हंसाबाईनं खांबाकडे पाहिलं. तिथं जमनी होती.

"मंग माह्यी पोरगी तुमच्या घरात आली असती," ती म्हणाली, "अन् मोटार पुसता पुसता तुम्ही तिच्याकडं पाह्यलं असतं. कसं पाह्यलं असतं, ते मले पाहाचं नव्हतं."

फकिराची बिडी हातातच विझली. जन्मभर त्यानं बायकोच्या तोंडून 'पाहाचं हाय' ऐकलं होतं, 'पाहाचं नव्हतं' आज पहिल्यांदाच ऐकलं.

प्रेमसिंगनं गाठ सोडली, गुळाचा खडा फोडला आणि पहिला तुकडा तिच्यापुढे धरला. "घ्या, विहीणबाई."

खांबामागून जमनी आली. तिनं आईच्या हातातून अर्धा तुकडा मोडून घेतला आणि तिच्याजवळच उभी राहून खाल्ला.