श्रावणाचं घर

शेणवे गावातल्या आमच्या मास्तरीणबाईंना काही विचारलं, तर त्या उत्तर म्हणून देत नसत. एवढी शिकलेली बाई आणि सांगायला हिच्या जिवावर येतं, म्हणून सुरुवातीला मला त्यांचा रागच यायचा. शाळेत शिकवायचे ते त्यांचे यजमान. बाईंची शाळा दुपारी जेवणं उरकल्यावर, त्यांच्या ओटीवर, आम्हा दहा-बारा बायकांची.

सारवलेल्या जमिनीवर त्या रांगोळीने बारा घरं आखत, मार्गशीर्ष ते कार्तिक. प्रत्येकीला शंभर चिंचोके देत. ते म्हणजे वर्षाचं भात. वर्ष चालवा, एवढंच सांगत. मग खेळात मध्येच पाहुणे आणत, लुगडं फाडत, बैल आजारी पाडत. भात झोडलं की विकायचं आणि पावसाळ्यात तेच दीडपटीने आणायचं, ही आमची रीत. ओटीवरही आम्ही तेच केलं. श्रावणाच्या घरात माझ्याकडे एकही चिंचोका उरला नाही. बायका हसल्या.

फक्त बाई हसल्या नाहीत. "इथं चुकलीस तर चिंचोकेच जातात," त्या म्हणाल्या. "पुन्हा मांड."

मला रडू फुटलं. आदल्या वर्षी आमच्या घरातला तांदूळ संपला, माझं दूध आटलं आणि दीड महिन्याचा मुलगा गेला होता. मी ते सांगितलं. बाई शेजारी येऊन बसल्या. त्यांनी विचारलं, "कोणत्या महिन्यात गेला?"

"श्रावणात."

मी त्या रिकाम्या घराकडे बघत राहिले. मग चिंचोके गोळा केले आणि सगळ्यात आधी श्रावणाचं घर भरलं.

एकदा जमलं म्हणजे आलं, असं बाई मानत नसत. पंधरा दिवसांनी नदीवर धुणं धुताना अचानक गाठून सगळं तोंडी मांडायला लावत. वर म्हणत, "विसरायला वेळ दिल्याशिवाय आलं की नाही ते कसं कळणार?" जिला जमलं तिच्यापुढे न जमलेलीला बसवत आणि स्वतः तांदूळ निवडायला घेत. अशी खट बाई मी दुसरी पाहिली नाही.

पुढच्या वर्षी मला पुन्हा दिवस गेले. आषाढात भरणार होते. लढाईमुळे भाताला भाव चढला होता आणि शहापूरचा व्यापारी उद्या गाडी आणणार होता. धान्याच्या बाबतीत शब्द सासूबाईंचा, तिथे सुनेचं कोण ऐकतो? मी अंगणात बारा घरं आखली आणि त्यांच्या ओंजळीत चिंचोके दिले. खेळ म्हणून त्या बसल्या. श्रावणाशी त्यांचा हात थांबला.

"इथं काय ठेवायचं गो?"

"तुमीच सांगा," मी म्हटलं.

त्या उठल्या आणि सासऱ्यांना म्हणाल्या, "पाच पोती घरात ऱ्हाऊ द्या. ती विकायची नाय."

मुलगी झाली. दसऱ्याआधी मास्तरांची मुरबाडला बदली झाली, म्हणून मी तिला घेऊन बाईंना निरोप द्यायला गेले. सासूबाईंना कसं पटवलंस, असं त्यांनी मुलीला उचलून घेत विचारलं. मी म्हटलं, काही सांगितलं नाही, त्यांनाच मांडू दिलं.

बाईंचे डोळे भरून आले. "मग आता इथं माझ्यावाचून अडायचं नाही," त्या म्हणाल्या. मुलीला माझ्याकडे देऊन त्या बैलगाडीत बसल्या.

गाडी वळेपर्यंत मी उभी होते. मुलगी भुकेने रडायला लागली, तेव्हा तिथेच झाडाखाली बसून मी तिला पोटभर पाजलं.